सड्यावरचा पाऊस आणि फेलोशिपचे ४७ महिने

११ जून २०२५ला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांच्या सह्यांचा कागद विभागात जमा केला, खोलीवर आले आणि त्या रात्री दोन गठ्ठे शेजारी शेजारी मांडून बसले. एका बाजूला बँकेचं पासबुक, दुसऱ्या बाजूला फील्डच्या वह्या. फेलोशिप कुठल्या तारखेला जमा झाली आणि त्या आठवड्यात मी कुठे होते, हे एकदा नीट बघायचं होतं. बघितलं, आणि मग हे लिहायला घेतलं. जेआरएफ, म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून पीएचडीसाठी मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाल्यावर पुढे काय काय होतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा एक पावसाळा वाचला असता.

माझा विषय वनस्पतिशास्त्र. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती. सडा ज्यांनी फक्त उन्हाळ्यात पाहिलाय त्यांना तिथे काळ्या खडकाशिवाय काही दिसत नाही. पण जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की खडकाच्या भेगांतून दीपकाडी वर येते, ऑगस्टमध्ये गेंद आणि सीतेची आसवं पसरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवतं पिकतात आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून जातं. यातल्या बऱ्याच वनस्पतींचं पूर्ण आयुष्य या चार महिन्यांत आटोपतं. एखादी प्रजाती फुलावर असताना तुम्ही तिथे नसाल, तर तिला भेटायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. ही गोष्ट आधी सांगितली, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

नेटची परीक्षा मी डिसेंबर २०१९मध्ये दुसऱ्यांदा दिली. आमच्या विषयासाठी ती सीएसआयआर आणि यूजीसी यांची संयुक्त परीक्षा असते, लाइफ सायन्सेस या नावाची. तीन तास, २०० गुण, तीन भाग. शेवटच्या भागातल्या ७५ प्रश्नांपैकी २५च सोडवायचे असतात आणि तेवढ्यातच १०० गुण असतात. पहिल्या वेळी मी सगळीकडे थोडं थोडं वाचलं होतं. दुसऱ्या वेळी वनस्पती, परिसंस्था आणि उत्क्रांती एवढंच पक्कं केलं, बाकीचं सोडून दिलं. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना माझा हाच सल्ला आहे. तयारीबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. माझी एमएस्सीची मैत्रीण त्याच दिवशी परीक्षेला बसली होती. झाडं ओळखण्यात ती माझ्यापेक्षा केव्हाही वरचढ. सहलीत आम्ही फूल शोधत बसायचो आणि ही नुसत्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवून गवताची जात सांगायची. ती थोड्या गुणांनी राहिली. तिला नेट मिळालं, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठी ती पात्र ठरली, पण जेआरएफ गेली. मला मिळाली. तिच्याकडे पुन्हा येईन.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि २०२०चं वर्ष फोनवर गेलं. मार्गदर्शक शोधायला सहा महिने लागले. जेआरएफ असली की पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेतून सूट मिळते, मुलाखत मात्र द्यावीच लागते. ती नोव्हेंबरात ऑनलाइन झाली. जानेवारी २०२१मध्ये आरआरसीनं, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीनं, विषय मंजूर केला आणि १ फेब्रुवारीला मी रुजू झाले. हा रुजू होण्याचा दिवस फार महत्त्वाचा, कारण फेलोशिप त्या तारखेपासून मोजतात. जॉइनिंग रिपोर्टवर आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख आणि शेवटी कुलसचिवांची सही लागते. तीन सह्यांना मला नऊ दिवस लागले. सह्या कितीही उशिरा झाल्या तरी रिपोर्टवर रुजू झाल्याचीच तारीख राहील, हे डोळ्यांत तेल घालून बघा.

तेव्हा जेआरएफ महिना ३१,००० रुपये होती. विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० रुपये आकस्मिक खर्च, म्हणजे कंटिन्जन्सी. वसतिगृहात राहत असल्यानं घरभाडं भत्ता नाही. कागदावर हे मला भरपूर वाटलं होतं. बाबांना मी फोनवर सांगितलं, आता माझा खर्च माझा.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पैशांबद्दल विचारायचीही लाज वाटू लागली. माणसं जात होती, त्यात मी फेलोशिपचं काय विचारणार? मे महिन्यात संशोधन कक्षात फोन केला. "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम." जूनमध्ये पुन्हा तेच. दरम्यान कोर्सवर्क ऑनलाइन सुरू होतं आणि माझ्या आराखड्यात लिहिलं होतं: पाच सडे, प्रत्येक सड्यावर वनस्पती मोजायच्या वीस चौकटी, जून ते ऑक्टोबर बारा फेऱ्या.

एका फेरीचा खर्च किती, ते सांगते. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं, गावात चार रात्री मुक्काम आणि जेवण, एका सड्यावरून दुसऱ्यावर जायला रिक्षा, टीपकागद, प्लास्टिकच्या पिशव्या. काटकसर करून साधारण २,८०० रुपये. हंगामाच्या बारा फेऱ्या धरल्या तर ३३,६००. म्हणजे वर्षाची पूर्ण कंटिन्जन्सी हाताशी असती तरी तिच्यातून चार फेऱ्या झाल्या असत्या. शिवाय कंटिन्जन्सी आधी स्वतः खर्च करून, बिलं लावून मागायची असते. बाकीचा भार दर महिन्याच्या फेलोशिपवरच होता, आणि ती येत नव्हती.

त्या पावसाळ्यात मी दोन फेऱ्या केल्या. एक जुलैच्या शेवटी, एक सप्टेंबरच्या सुरुवातीला. दोन्हींचे पैसे बाबांनी दिले. तिसऱ्यांदा मागायला तोंड उघडलं नाही. दहावीच्या चार मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या धरल्या. संध्याकाळी पाच ते आठ. वाचायची माझी खरी वेळ तीच होती.

ऑगस्टमध्ये मी स्वतः संशोधन कक्षात जाऊन उभी राहिले. तिथल्या भाऊसाहेबांनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला, तेव्हा घोळ कळला. फेलोशिपच्या पोर्टलवर विद्यापीठाच्या बाजूनं दोघं असतात, मेकर आणि चेकर. दर महिन्याला मेकरनं तुमची हजेरी भरायची आणि चेकरनं ती मंजूर करायची, मग पैसे सुटतात. आमच्याकडचे चेकर मार्चमध्ये निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी नवं लॉगिन घेतलंच गेलं नव्हतं. माझ्यासारखे अकरा जण अडकले होते. अकरा जणांपैकी कुणी कुणाला ओळखत नव्हतं, प्रत्येक जण एकेकटा फोन करत होता. आम्ही एक अर्ज लिहिला, अकरा सह्या केल्या, आवक क्रमांक घेतला. नवं लॉगिन पाच आठवड्यांत आलं.

म्हणून सांगते, रुजू झाल्याच्या आठवड्यातच मेकर कोण आणि चेकर कोण हे नावानिशी विचारून घ्या. दर महिन्याच्या वीस तारखेनंतर एकदा जाऊन "माझं कन्फर्मेशन गेलं का" विचारा. यात संकोच करू नका, हे भीक मागणं नाही. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. माझ्या फाईलमध्ये अशा ६३ पोचा आहेत. त्यातल्या चार खऱ्या उपयोगी पडल्या. पण कुठल्या चार लागणार आहेत, हे आधी कळत नाही.

२१ ऑक्टोबर २०२१ला आठ महिन्यांचे २ लाख ४८ हजार रुपये एकदम जमा झाले. मोबाइलवरचा तो मेसेज मी कितीतरी वेळा वाचला. आणि मग खिडकीबाहेर बघितलं तर कडक ऊन होतं. गवतं पिकून गळायला लागली असणार हे कळत होतं. तरी निघायचं ठरवलं, तोवर एसटीचा संप सुरू झाला. पैसे होते, हंगाम नव्हता, गाडीही नव्हती.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, त्यांच्याकडे डिसेंबरात गेले आणि म्हटलं, विषय बदलूया का? बिया गोळा करून प्रयोगशाळेत त्यांच्या रुजण्याचा अभ्यास करते. वर्षभर कधीही करता येईल, पैसे उशिरा आले तरी अडणार नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हा तुझा प्रश्न आहे की तुझ्या पासबुकाचा?" मला रडू आलं. विषय बदलला नाही. पण मी किती जवळ पोचले होते, ते आजही आठवतं. पैशांची खात्री नसली की आपण प्रश्नच असा निवडतो की ज्याचं उत्तर कसंही मिळेल. हे कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण न विचारलेल्या प्रश्नांची नोंद कोण ठेवतो?

मे २०२२मध्ये, पावसाच्या आधी सड्यांवर चौकटींचे खुंट ठोकायला गेले. पाचवा सडा राजापूर तालुक्यातला. मला सगळ्यांत आवडलेला, कारण त्याच्या मधोमध खळग्यांची एक रांग होती, लहान-मोठ्या परातींसारखी. चढ चढून वर आले आणि थबकले. सुरुंग लावून खड्डे पाडले होते, ट्रकनं आणलेली लाल माती त्यांत भरली होती आणि प्रत्येक खड्ड्यात हापूसचं कलम काठीला बांधून उभं केलं होतं. ठिबकच्या काळ्या नळ्या सरळ रेषेत गेल्या होत्या. खळग्यांतला एक तेवढा शिल्लक होता, त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकलेल्या.

जमिनीचे मालक तिथेच होते. त्यांचा मला राग आला नाही. जमीन त्यांची, मुलाला मुंबईहून परत आणायचं होतं, बाग लावली. मी कशासाठी आले ते सांगितलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. "गेल्या पावसात आली असतीस तर अख्खा सडा होता की गो," म्हणाले. गेल्या पावसात मी वसतिगृहाच्या खोलीत दहावीच्या मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. त्या सड्याचं माझ्याकडे काहीही नाही. एक चौकट नाही, एक नमुना नाही. प्रबंधात चार सडे आहेत.

२०२२मध्ये मात्र पैसे दर महिन्याला आले. कधी पाच तारखेला, कधी अठराला, पण आले. त्या वर्षाची वही सगळ्यांत जाड आहे. बारा फेऱ्या झाल्या. एका गावात काकींच्या घरी मुक्काम असायचा. त्यांच्या माजघरातल्या कपाटात बल्ब लावून मी नमुने वाळवायचे, कारण कोकणच्या पावसात टीपकागद रात्रभर ठेवला तरी सकाळी ओलाच. दाबलेली झाडं दर सहा तासांनी नव्या कागदात घालावी लागतात, नाहीतर बुरशी येते. काकी रात्री पाणी प्यायला उठल्या की माझे कागद बदलून ठेवायच्या.

त्या वर्षी मी पहिल्यांदा एकाच खळग्यापाशी अख्खा दिवस बसले. ऐकायला साधं वाटेल. पण पैसे मोजून आलेला माणूस एका खळग्यापाशी दिवस घालवत नाही, तो वीस चौकटी उरकून शेवटची एसटी गाठतो. ती १७ ऑगस्टची दुपार आहे वहीत. खळगा हातभर लांब. मधल्या पाण्यात एक गेंद, काठावरच्या बोटभर मातीत दुसरा, आणि वीतभर अंतरावर, जिथे पाणी फक्त पावसात वाहतं तिथे तिसरा. तिन्ही दिसायला पांढऱ्या गुंड्या. भिंगाखाली धरल्यावर फुलाच्या तळाशी असलेल्या पानांचा रंग आणि केस वेगळे दिसले. तरी खात्री होईना. गेंदांमध्ये शेवटचा निकाल बऱ्याचदा बियांच्या पृष्ठभागावर लागतो आणि त्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आमच्या केंद्रीय प्रयोगशाळेत दर नमुन्याला ५०० रुपये पडायचे. आदल्या वर्षी मी चार नमुने निवडून दिले असते. या वर्षी ४६ दिले. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, आठ दिवस बसून जुन्या शीट्सशी ताडून पाहिले. पाण्याची खोली दोन बोटांनी बदलली की कुठली प्रजाती कुठे राहते, ही प्रबंधाची मध्यवर्ती कल्पना त्या एका दुपारची आहे. माझे दोन्ही शोधनिबंध त्या वर्षाच्या वहीतून आले. २०२१च्या वहीतून एक तक्तासुद्धा आला नाही.

दोन्ही वर्षी मी तीच होते. हुशारी तेवढीच, मेहनतही तेवढीच, कदाचित २०२१मध्ये जास्तच.

आता मैत्रिणीबद्दल. ती तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवायला लागली. नेमणूक वर्षाच्या मध्येच व्हायची, मानधन सहा-सहा महिन्यांनी हाती यायचं, सुट्टीत काहीच नाही. पीएचडीला नोंदणी तिनंही केली, गवतांवरच. पण तिचे तास आणि गवतांचा हंगाम एकाच वेळी येत. सप्टेंबरात ती परीक्षांवर पर्यवेक्षण करत असायची. जेआरएफसाठी तिनं पुन्हा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्यात तेवढं नसेल." हे वाक्य मला सहन झालं नाही. ज्या मुलीकडून मी गवतं ओळखायला शिकले ती हे म्हणत होती.

त्या सुमारास मी या विषयावर थोडं वाचलं. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळत जातं, याला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८मध्ये विज्ञानाच्या संदर्भात मॅथ्यू परिणाम असं नाव दिलं. २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या सरकारी अनुदानांवर एक अभ्यास आला. कटऑफच्या जरा वर राहिलेले आणि जरा खाली राहिलेले, म्हणजे गुणवत्तेत जवळपास सारखेच. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. आणि त्याचं एक कारण असं, की खालच्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. मी ते वाचून लगेच तिला फोन केला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या आकडेवारीवर आणखी एक अभ्यास आला होता, तोही सांगितला: थोडक्यात हुकलेले जे टिकून राहिले, त्यांचं पुढचं काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस ठरलं. पण हुकलेल्यांपैकी काही जण त्या अनुदानाच्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर गेले, हेही त्यातच आहे. ती म्हणाली, "टिकायला पण पैसे लागतात ना." मला काही बोलता आलं नाही. पण तिनं पुन्हा अर्ज केला, या वेळी राज्याच्या योजनेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटातल्या पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जेआरएफ हुकली की सगळं संपलं असं समजू नका, तुमच्या गटासाठी काय आहे ते बघा. तिला ती २०२३मध्ये मिळाली. शिकवणं सोडून ती त्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण महिना पठारावर होती. रोज रात्री मला गवताच्या कणसांचे फोटो यायचे.

माझी दोन वर्षं जानेवारी २०२३अखेर संपली. जेआरएफचं एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिप, होण्यासाठी तीन जणांची समिती बसते, त्यात एक तज्ज्ञ बाहेरचा हवा. दोन वर्षांच्या कामाचं सादरीकरण, समितीचा अहवाल, मग श्रेणीवाढीचा अर्ज. सादरीकरणाची मला भीती नव्हती, तारखांची होती. बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख एप्रिलमध्ये मिळाली. अहवालावरच्या सह्या मे महिन्यात झाल्या, नोंद जूनमध्ये. तोवर फेलोशिप बंद. पाच महिने. यावर उपाय एकच आहे. दोन वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी समितीसाठी अर्ज द्या आणि तज्ज्ञांच्या तीन पर्यायी तारखा स्वतः घेऊन ठेवा. मी डिसेंबरात दिला होता, ऑक्टोबरात द्यायला हवा होता.

या वेळी मी वाचले, कारण २०२१नंतर मी एक नियम केला होता. दर महिन्याला ६,००० रुपये वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. त्या खात्यानं २०२३च्या जूनच्या फेऱ्या केल्या. दीपकाडी चुकली नाही. जुलैत एसआरएफच्या दरानं थकबाकी आली. पुढे फेलोशिपचे दर वाढले, जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,०००. वाढ १ जानेवारी २०२३पासून धरली, फरक नंतर मिळाला. एसआरएफ झाल्यावर कंटिन्जन्सीही वर्षाला २५,००० होते. बिलं मात्र स्वतःच्या नावानं, तारखेसह, पैसे दिल्याच्या शिक्क्यासह घ्या. गावातल्या रिक्षावाल्याकडे पावती नसते, म्हणून कोऱ्या पावत्यांचं पुस्तक सोबत ठेवायचं आणि त्यांची सही व गाडीचा नंबर घ्यायचा. आमच्या लेखा विभागानं ते मान्य केलं. तुमच्याकडे आधी विचारा.

सरांच्या प्रकल्पाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना सड्यांच्याच अभ्यासासाठी एका सरकारी संस्थेचा प्रकल्प होता. त्यातला प्रवासखर्चाचा हप्ता एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. ३१ मार्चपर्यंत खर्च करायचा, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर पुढचा हप्ता नाही. मार्चमध्ये सड्यावर काय असतं? तापलेला दगड. सरांनी त्या पैशांतून जमेल तेवढं मातीचं पृथक्करण करून घेतलं, उरलेले परत केले. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आमचं वर्ष मृगाला. या दोन वर्षांची गाठ घालणारा एखादा नियम, पावसाळी कामाचा हप्ता मे महिन्यातच देण्याचा, कुणी केला तर सह्याद्रीत काम करणाऱ्या कितीतरी मुलांचे हंगाम वाचतील. मी हे मनापासून लिहिते आहे. वाचणाऱ्यांत कुणी अशा समितीवर असेल तर कृपया हे मांडावं.

२०२४ लिहिण्यात गेलं. लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी चार तास, रोज. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे बघताना, मर्यादा १० टक्क्यांची असते. माझ्या प्रबंधातली प्रजातींची वर्णनं तांत्रिक असल्यानं पहिल्यांदा १४ आले. वर्णनं पुन्हा स्वतःच्या नमुन्यांवरून लिहून काढली, एकेक भिंगाखाली धरून. त्यात दोन ठिकाणी माझी जुनी मोजमापं चुकलेली सापडली, म्हणजे तो त्रास कारणी लागला.

१७ जानेवारी २०२५ला प्रबंध सादर केला. फेलोशिप प्रबंध सादर होईपर्यंतच मिळते, हे लक्षात ठेवा. सादर करणं आणि तोंडी परीक्षा यांच्यामध्ये पाच महिने गेले आणि त्या काळात हाती काहीही येत नाही. मी त्या वेगळ्या खात्यावर राहिले. एकूण ४७ महिने आणि १७ दिवस. पासबुकात नोंदी आहेत ३१, कारण थकबाक्या एकत्र आल्या.

त्या रात्री पासबुक आणि वह्या लावून बघितलं तेव्हा २०२१च्या पावसाळ्याच्या जागी पासबुकात रिकामी ओळ होती आणि वहीत पाच पानं. पाचव्या सड्याचा २०२०मधला एक फोटो मला नंतर मिळाला. काकींच्या भाच्यानं सहज काढलेला, मागे ढग, पुढे दोन शेळ्या. मोठा करून बघितला. खळग्याच्या काठावर पांढऱ्या गुंड्या दिसतात. कुठला गेंद आहे ते फोटोवरून सांगता येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात एक नवा मुलगा रुजू झाला. जॉइनिंग रिपोर्ट गेलाय, मेकर-चेकरची नावं त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलीत. पहिली फेलोशिप अजून आलेली नाही. सरांनी आणि मी मिळून विभागाला अर्ज केला आणि त्याला हंगामापुरता १५,००० रुपये अग्रिम मिळवून दिला, फेलोशिप आली की परत करायच्या बोलीवर. असा अग्रिम नियमांत बसतो हे २०२१मध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. माझी झाडं दाबायची लाकडी चौकट, भिंग आणि काकींचा पत्ता त्याच्याकडे दिलाय. काल संध्याकाळी त्याचा सड्यावरून फोटो आला. खडकाच्या भेगेत दीपकाडीची दोन फुलं, शेजारी मोजपट्टी धरलेला त्याचा ओला हात.